शिमग्याचं वेळापत्रक आधी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातल्या 'आजचे कार्यक्रम' या सदरात शहरातली व्याख्यानं, प्रदर्शनं, आरोग्य शिबिरं रोज वाचायला मिळतात. मात्र फाल्गुन लागला की चिपळूण, गुहागर, संगमेश्वर या आपल्या तालुक्यांतल्या गावागावांत जे सुरू होतं, त्याची बातमी नेहमी होऊन गेल्यावरच येते. पालखी नाचवतानाचा सुंदर फोटो, खाली दोन ओळी, आणि आपण म्हणायचं, "अगंबाई, काल होतं होय!" माझी विनंती आहे की या दिवसांत गावोगावच्या शिमग्याचं वेळापत्रक आपण आधी छापावं. कुठल्या गावात होळी कधी उभी राहणार, सहाणेवर, म्हणजे देवाच्या ओट्यावर, पालखी कधी बसणार, पुरलेला नारळ पालखीने शोधायचं शेरणं कधी, नमनाचा खेळ कधी, हे चार-पाच दिवस आधी कळलं तर कितीतरी घरं मुलाबाळांसह शेजारच्या गावात जातील.

गावातल्या माणसाला याची गरज नाही, हे मान्य. मुंबईचा चाकरमानीसुद्धा पालखी आपल्या दारात कधी येणार ते विचारूनच रजा टाकतो. पण चिपळूण शहरात आता आमच्यासारखी खूप कुटुंबं आहेत. कुणी लोट्याच्या कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी नांदेड-परभणीहून बदलून आलेले शिक्षक. कुणाचं गाव कोकणातच, पण लांब राजापूरकडे, आणि तिथलं घर बंद. या घरांतल्या मुलांचा शिमगा म्हणजे सोसायटीच्या आवारातली छोटी होळी आणि दुसऱ्या दिवशी पिचकारी. पाच-सहा मैलांवर ढोल वाजत असतो, आणि त्यांना पत्ता नसतो.

बाहेरच्या माणसाला हा हिशेब लागत नाही, यात त्याचा दोष नाही. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, सुरुवात होते. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीला होम, म्हणजे होळी, लागणारे. काहींचे पौर्णिमेचे, काहींचे भद्रेचे, म्हणजे पंचांगातल्या भद्रा काळानुसार ठरणारे. मग पालखी घरोघर फिरते, ती कुठे पाच दिवस, कुठे पाडव्यापर्यंत. शेजारच्या गावांत भोवनीला, म्हणजे फेरीला, जाणाऱ्या पालख्यांचा क्रम आणखी वेगळा. पण याच वेगळेपणाचा फायदा आहे. सगळ्यांचा शिमगा एकाच रात्री असता तर माणसाने एकच पाहिला असता. तसं नसल्यामुळे एकाच फाल्गुनात दोन-तीन गावं सहज पाहून होतात, फक्त तिथी कळायला हवी.

आणि पाहण्यासारखं किती आहे! शेरणं ज्या मुलाने एकदा पाहिलं, तो ते विसरणार नाही. जमिनीत कुठेतरी नारळ पुरून ठेवलेला असतो. पालखी खांद्यावर घेतलेली माणसं मैदानभर फिरतात, ढोलाची गत वाढत जाते, पालखी एका जागी घुटमळते, पुढे जाते, परत येते, आणि शेवटी एका ठिकाणी झुकते. तिथे खणलं की नारळ निघतो आणि सगळं मैदान एकदम ओरडतं. रत्नागिरीकडे यालाच खुणा काढणं म्हणतात. देवाचा कौल म्हणून पाहा की खांदेकऱ्यांचं कसब म्हणून, लहान मूल श्वास रोखूनच उभं राहतं. संकासुर या शिमग्यातल्या सोंगाचंही तसंच. काळा वेश, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो धावून आला की मुलं किंचाळत आईमागे लपतात आणि पाच मिनिटांत पुन्हा त्याला चिडवायला पुढे होतात. रत्नागिरीत ग्रामदैवत भैरीच्या भेटीला सडामिऱ्या आणि जाकीमिऱ्याच्या पालख्या येतात. कसबा संगमेश्वरला शिंपण्याच्या दिवशी लाल रंगाने माणसं आणि रस्ते न्हाऊन निघतात. हे सगळं दीड-दोन तासांच्या वाटेवर असताना सुट्टीच्या दिवशी आपण मुलांना मॉलमध्ये न्यायला कोल्हापूर-पुण्याचा घाट चढतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेळापत्रकासोबत एक मागणी गावच्या मंडळांकडेही आहे, ती आपल्यामार्फत पोहोचावी. नमन बहुतेक ठिकाणी रात्री उशिरा उभं राहतं आणि वगनाट्य संपेपर्यंत पहाट होते. मोठ्यांची ती मजा तशीच राहावी. पण त्याआधी, दिवेलागणीनंतर लगेच, दीड-दोन तासांचा एक खेळ मुलांसाठी करता येणार नाही का? गण, गवळण, पेंद्या आणि मावशीचे संवाद एवढं झालं तरी पुरे. मृदंग आणि टाळ वाजवणारे हात, पायातली चाळं, हे मुलांना जवळून दिसू द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, सवलतीचे दिवसही मोजकेच मिळतात. तेव्हा लवकरचा खेळ मंडळालाही सोयीचा पडेल. त्यातून गावातलीच दोन पोरं मृदंगाकडे वळली, तर याहून चांगलं काय!

बायकांच्या सोयीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. सहाणेजवळच्या शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं स्वच्छतागृह त्या रात्री उघडं ठेवलं आणि तिथे पाणी आणि दिवा असला, तर आजी, सून, नात तिघी निश्चिंत थांबतील. आज कित्येक जणी केवळ याच कारणाने लवकर परततात. एसटीचंही तसंच. वस्तीची गाडी गावात जाते, पण रात्री परत यायला काही नाही. मोठ्या होमाच्या रात्री आगाराने एक परतीची फेरी सोडली तर अरुंद रस्त्यांवरची चारचाकींची गर्दीही कमी होईल.

या सूचनेला एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पालखी म्हणजे देव. घरातली बाई अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटी भरायला उभी असते. गुरव तिच्या घरासाठी गाऱ्हाणं घालतो. तिथे अनोळखी माणसांनी मोबाईल नाचवत घुसायचं का? मुळीच नाही. म्हणूनच जी माहिती मानकरी आणि ग्रामस्थ स्वतः देतील तेवढीच छापावी. सहाण, होम, शेरणं, नमन हे चव्हाट्यावरचं. घरोघरची भेट त्या त्या घराची, तिथे बोलावल्याशिवाय जाऊ नये. पाहुण्यांनी चपला कुठे काढायच्या, वाट कशी सोडायची, खांदेकऱ्यांच्या समोर का उभं राहायचं नाही, याच्या चार ओळी वेळापत्रकाखाली छापल्यात तर फार बरं होईल. एखाद्या गावाला गर्दी नको असेल तर त्याचं नाव गाळावं, त्यात कमीपणा नाही.

2021 साली करोनाच्या निर्बंधांमुळे पालखीसोबत मोजकीच माणसं होती. त्या वर्षी रिकाम्या सहाणा पाहून गावातली म्हातारी माणसं किती हळहळली, ते आम्ही ऐकलं आहे. माणसं आली तर गावाला आनंदच होतो, असा आमचा अनुभव आहे. कोकम सरबत प्यायल्याशिवाय कुणी सोडत नाही.

दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात, हे खरं. त्या घरांनी शिमगा संपल्यावरचं पाहावं: पाडव्याच्या शोभायात्रा, चैत्रगौरीची हळदीकुंकवं, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा परशुरामाचा उत्सव. याही तारखा त्याच पानावर बसतील.

माघ संपण्यापूर्वी आपण गावांना आवाहन केलंत, तर फाकपंचमीपर्यंत निम्मी तरी माहिती हाती येईल. सरपंच, पोलीस पाटील, देवस्थानाचे मानकरी यांच्याकडून ती मिळेल. चिपळूण-गुहागर रस्त्यावरच्या गावांची यादी गोळा करायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तयार आहोत. ती कोणत्या तारखेपर्यंत आणि कार्यालयात कुणाकडे आणून द्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
एक वाचक, चिपळूण