पिपचे हात

परळ, मुंबई

प्रिय दिनू,

परवा फोनवर तू म्हणालास, डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी संपवली आणि पिपचा संताप आला. बहिणीच्या नवऱ्यानं, जो नावाच्या लोहारानं, वाढवलं आणि साहेब झाल्यावर त्याचीच लाज वाटणारा पोरगा! शिवाय डिकन्सवर तुझा आरोप, की हा माणूस गरिबांना ‘आपापल्या पायरीनं राहा’ एवढंच सांगतो. संताप मला समजतो. आरोप मात्र मुळीच पटला नाही, आणि ते फोनवर बोलून होण्यासारखं नव्हतं.

सध्या रात्रशाळेत दहावीच्या मुलांना शेवटच्या तासाला मी हीच गोष्ट मराठीतून सांगतोय. अभ्यासक्रमात नाही, पण मुलं थांबतात. दिवसभर कुणी गॅरेजमध्ये, कुणी कुरियरच्या पिशव्या घेऊन फिरतो, एकजण लेथवर आहे. एस्टेलाचा प्रसंग सांगत होतो. श्रीमंत मिस हॅविशॅमला लग्नाच्या दिवशीच नवऱ्यामुलानं सोडलेलं, आणि एस्टेला तिची मानसकन्या. तिच्या त्या बंद, कुबट घरात पिप पत्ते खेळायला बसतो आणि ती मुलगी म्हणते, काय खरबरीत हात आहेत याचे, आणि बूट केवढे जाड! मग अंगणातल्या फरशीवर कुत्र्यासमोर ठेवावी तशी भाकरी त्याच्यासमोर ठेवते. पोरगं आपले हात निरखून बघतं, भिंतीवर लाथा मारत रडतं. गॅरेजवाल्या मुलानं विचारलं, “सर, हात तर कालही तसेच होते ना? मग काल का नाही वाईट वाटलं त्याला?”

दिनू, इतकी वर्षं हे पुस्तक वाचतोय, पण इतका नेमका प्रश्न मी कुठल्याच समीक्षेत वाचला नाही. थांबलेली घड्याळं, नऊला वीस मिनिटं कमी, जाळ्यांनी भरलेला लग्नाचा केक, एकाच पायात घातलेला बूट, या प्रतीकांवर सगळे भरभरून लिहितात. ती प्रतीकं जबरदस्त आहेतच, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. मला वाटतं, पुस्तकाचा जीव हातांत आहे. एकदा लक्षात आलं की पानोपानी हातच दिसतात.

वकील जॅगर्स बघ. प्रत्येक अशील गेला की सुगंधी साबणानं हात धुतो. खुनी, चोर, त्यांच्या रडणाऱ्या बायका, सगळं त्या पाण्याबरोबर वाहून जावं म्हणून. त्याच्याच घरी जेवणाच्या वेळी तो मॉली या मोलकरणीचं मनगट पकडून पाहुण्या पोरांना दाखवतो. ओरखड्यांच्या जुन्या व्रणांनी भरलेलं, विलक्षण ताकदीचं मनगट. तिला नको असतं, तरी दाखवतो. तिच्यावर खुनाचा आरोप होता आणि यानंच तिला सोडवलेलं. पुढे कळतं, ही मॉली एस्टेलाची आई. आणि बाप कोण? पायात बेडी घातलेला, दलदलीतून लंगडत आलेला कैदी मॅग्विच! म्हणजे जिनं पिपला त्याच्या हातांची लाज शिकवली, ती मुलगी पुस्तकातल्या सगळ्यात मळलेल्या, सगळ्यात जखमी हातांची. तिला स्वतःला हे कधी कळतसुद्धा नाही. तिलाही ती नजर कुणीतरी शिकवलीच होती. मला हा या कादंबरीतला सगळ्यात मोठा नैतिक विचार वाटतो: लाज जन्मानं येत नाही, ती दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपल्यात उतरते, आणि ज्याच्यात उतरली तो पुढे आणखी कुणाला तरी देतो.

डिकन्सला हे कुठून कळलं असेल? बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात आणि हा बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला, आठवड्याला सहा शिलिंगवर. उजेड हवा म्हणून पोरांना खिडकीशी बसवायचे आणि रस्त्यावरचे लोक थांबून त्यांच्या हातांचा वेग बघायचे. एवढा प्रसिद्ध झाला, पण ही गोष्ट त्यानं जगापासून लपवून ठेवली. वाचकांना ती त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा मित्र फॉर्स्टर यानं लिहिलेल्या चरित्रातून कळली. त्या खिडकीतल्या पोराला ‘काल का नाही वाईट वाटलं’ याचं उत्तर ठाऊक होतं.

तुझा पिपवर एवढा राग का, याचा मी विचार केला. तुझे आण्णा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर. साच्यांच्या आवाजानं कान गेलेले, म्हणून घरातही मोठ्यानं बोलायचे, निम्मं हातवाऱ्यांनी. कॉलेजच्या बक्षीस समारंभाला ते आले तेव्हा तू त्यांचा हात धरून पहिल्या रांगेत घेऊन गेलास आणि प्राध्यापकांना सांगितलंस, हे माझे वडील, गिरणीत साचे चालवतात. ८२ चा गिरण्यांचा संप लागला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हाही तुझी मान कधी खाली गेली नाही. तू एस्टेलासमोर बसलासच नाहीस, दिनू. किंवा बसलास आणि तिची नजर तुला लागली नाही, कारण आण्णा घरात तुझ्याशी बरोबरीनं बोलत. पिपला मारणारी बहीण होती आणि स्वतःच मार खाणारा तिचा नवरा जो. हा फरक विचारात घे, एवढंच म्हणतो.

आता ‘पायरीनं राहा’चं. तुझा आधार लंडनच्या भेटीचा आहे. लोहार जो पिपकडे येतो, टोपी कुठे ठेवावी कळत नाही, ती पुन्हा पुन्हा पडते, स्वतःच्या पिपला तो ‘सर’ म्हणतो. जाताना सांगतो, मला भट्टीपाशी, हातात घण घेतलेला बघ, मग मी एवढा वेडाबागडा दिसणार नाही. यात तुला शरणागती दिसली. मला त्यात केवढा तरी ताठ कणा दिसतो. तो पिपला परत ये म्हणत नाही. ‘तुझ्या दिवाणखान्यात मला मोजू नकोस’ असं सांगतो.

आणि डिकन्सला लोहाराच्या पोरानं लोहारच राहावं असं वाटत असतं, तर त्यानं शेवटी पिपला भट्टीवर परत पाठवलं असतं. पाठवत नाही. पिप कैरोला जातो, कारकुनी करतो, अकरा वर्षं. जो मात्र मधल्या काळात बिडी नावाच्या गावातल्या मुलीकडून लिहायला शिकलेला असतो. आजारी पिपच्या उशाशी बसून पत्र लिहितो, लेखणी पहारीसारखी धरून, आणि स्वतःवर खूश होतो. हे पान मी मुलांना दोनदा सांगितलं. चाळिशीतला लोहार अक्षरं काढतो आणि त्याच्या लोहारपणाला त्यानं बाध येत नाही. रात्रशाळेत बसलेल्याला यात ‘पायरी’ दिसेल का, सांग. त्याच जोनं पिपचं १२३ पौंडांहून जास्त कर्ज गुपचूप फेडलं आणि पोरगा उठायच्या आत निघून गेला.

जोला पहिल्यापासून बघ. लहानग्या पिपनं कैदी मॅग्विचला घरातून खाणं चोरून दिलेलं. तो पकडला जातो, पिपला वाचवण्यासाठी स्वतःहून सांगतो की लोहाराच्या घरून खाणं मीच चोरलं. त्यावर जो म्हणतो, तू काय केलंस आम्हाला ठाऊक नाही, पण त्यासाठी तू उपाशी मरावास असं आम्हाला कधीच वाटणार नाही. सगळ्या पुस्तकात याहून मोठा न्याय कुठल्याही कोर्टात होत नाही. पिपला त्या वाक्यापर्यंत पोचायला उरलेलं सगळं पुस्तक लागतं. पिपला साहेब करणारा पैसा गुपचूप पाठवणारा हाच मॅग्विच ऑस्ट्रेलियातून परततो, वादळी रात्री दोन्ही हात पुढे करतो, तेव्हा पिप शहारून मागे सरतो. आणि शेवटी कोर्टात ३२ जणांना एकदम फाशी सुनावली जाते, तेव्हा त्याच माणसाचा हात तो सगळ्यांदेखत धरून उभा असतो. बघणारे असतात, आणि त्याला आता त्यांचं काही वाटत नाही. गॅरेजवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, पण हे मी त्याला सांगणार नाही. त्या प्रकरणापर्यंत आम्ही पोचलो की तोच बोलेल.

शेवटाबद्दल तुझं मत सांगितलं नाहीस. १८६१ साली डिकन्सनं आधी वेगळा शेवट लिहिलेला: लंडनच्या रस्त्यात एस्टेला ओझरती भेटते आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. बुल्वर-लिटन या मित्रानं आग्रह केला म्हणून बदलला, उजाड बागेत पिप तिचा हात हातात घेतो. पुष्कळ जाणकारांना पहिलाच पसंत. मलाही कलेच्या दृष्टीनं तोच खरा वाटतो. पण ज्या हातांची तिनं किळस केली, त्यातला एक ती धरू देते, हे मला पुसून टाकवत नाही. यावर तुझ्याशी भांडायची माझी तयारी आहे.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा एक संध्याकाळ मोकळी ठेव. शाळा साडेसहाला भरते, आपला तास नऊ वाजता. पिपवरचा राग मुलांसमोर मांड. त्यांना तुझी बाजूही ऐकायला हवी. माझी तर ती रोजच ऐकतात. आण्णांच्या साचाखात्याबद्दलही बोल, त्या मुलांनी गिरणी आतून कधी पाहिलेली नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण