गुरुवारच्या गोळ्या वेगळ्या बांधून देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण डे-केअरच्या, म्हणजे दिवसापुरतं येऊन केमो घ्यायच्या वॉर्डाच्या, गर्दीत खाली उकिडवं बसून तुम्ही आमच्या आजींना नातवाच्या औषधांबद्दल जे समजावलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

मुलांच्या ए.एल.एल.मध्ये, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सगळ्यांचं लक्ष सुरुवातीच्या महिन्यांवर असतं. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध, स्टेरॉइड, पाठीतली इंजेक्शनं, केस जाणं, प्लेटलेटसाठी धावाधाव. मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या द्यायचा लांबचा टप्पा, सुरू झाला की नातेवाईक म्हणतात, ‘चला, सुटलात.’ खरं तर पुढची दीड-दोन वर्षं उपचार स्वयंपाकघरातल्या फळीवर चालतो, आणि तो चालवते घरातली आजी, कारण आई-बाप कामावर गेलेले असतात.

त्या फळीवर तीन औषधं, तिघांच्या तीन तऱ्हा. सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) ही केमोची गोळी रोज. न्यूमोनियापासून वाचवणारं सेप्ट्रान आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस. आणि मेथोट्रेक्सेट, हीसुद्धा केमोचीच गोळी, आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेटचा हिशेब शरीराच्या क्षेत्रफळावर, साधारण चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. मुलाचं क्षेत्रफळ ०.७५ चौरस मीटर असेल तर १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या, सगळ्या एकाच दिवशी. सहा गोळ्या म्हटलं की माणूस सहा दिवसांत वाटून टाकतो, नाहीतर सहाच्या सहा रोज देतो. दुकानदारानं अडीचऐवजी १० मिलिग्रॅमची स्ट्रिप दिली तर त्याच सहा गोळ्यांचे ६० मिलिग्रॅम होतात. रोज गेलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, जीवही जातो. उतारा आहे, ल्युकोव्होरिन, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

रुग्णालयानं दिलेल्या औषधांच्या कार्डावर हे सगळं छापलेलं होतं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. औषधाच्या खिडकीवर ‘रोज एक’ असं बिनदिक्कत सांगण्यात आलं होतं. तुम्ही ते कार्ड बाजूला ठेवलंत. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सहा-सहा मोजून चार पाकिटांत घातल्यात, म्हणजे बरोबर चार आठवड्यांच्या, एकही जास्त नाही. लाल स्केचपेननं प्रत्येकावर मोठा गोल काढलात. मग बापाकडे नाही, आजींकडे वळलात. “आजी, दत्ताचा गुरुवार करता ना? मग उपास तुमचा आणि पाकीट त्याचं, एकाच दिवशी. आता तुम्ही मला सांगा, कधी द्यायचं?” त्यांनी सांगितलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, “आणि शुक्रवारी?” त्या म्हणाल्या, “शुक्रवारी नाही.” तेव्हा कुठं तुम्ही उठलात.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात औषध आहे, हे इतक्या जणांपैकी फक्त तुम्हाला दिसलं. आणि ते दाखवून देताना तुम्ही त्यांचा मान जरासाही कमी होऊ दिला नाही.

सिक्स-एमपीचंही तसंच. रोजचा डोस ४५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि गोळी ५० ची. तेव्हा सहा दिवस एकेक, सातव्या दिवशी अर्धी, असं तुम्ही बसवून दिलंत. अर्धी करताना हातमोजे घालायचे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं त्या गोळ्यांना हात लावायचा नाही. दूध प्यायल्यावर दिली म्हणून घाबरायचं नाही, पण डोस मात्र चुकवायचा नाही. मुलांवरच्या अभ्यासांत दिसलंय की ९५ टक्क्यांहून कमी डोस पोटात गेले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० ते १५०० च्या मध्ये राहिले पाहिजेत, हे तुम्ही प्रत्येक पालकाला सांगता. रिपोर्टमध्ये ३००० आले की आईबाप पेढे वाटायला निघतात. तो आकडा सतत चढा राहिला तर डोस कमी पडतोय, किंवा चुकतोय. उलट काही मुलांत एन.यू.डी.टी. १५ या जनुकातल्या फरकामुळे पूर्ण डोसला पेशी धाडकन खाली येतात. दोन्ही वेळा डोस डॉक्टरांनीच बदलायचा.

शेजारीपाजारी ‘रक्त वाढायचं टॉनिक’ आणून देतात, ते तुम्ही पिशवीतून काढून घेतलंत आणि कारणही दिलंत: त्यात फॉलिक अ‍ॅसिड असतं, आणि मेथोट्रेक्सेट त्याच्याच कामात आडवं येतं. या फॉलिक अ‍ॅसिडचा माग ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांना १९३० च्या सुमारास मुंबईतच, गरोदर बायकांच्या पांडुरोगावर काम करताना लागला होता. पुढं अमेरिकेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं बनवलेलं त्याचं विरोधी औषध बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी मुलांना दिलं, आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा हा आजार काही काळ मागे हटलेला जगानं पाहिला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.

तुमच्याआधी भेटलेल्यांबद्दल कडू बोलणं भाग आहे. आठवडेच्या आठवडे ताप, पाय दुखणं, पांढरीफटक कांती, अंगावर निळे डाग, एवढं समोर असताना ‘अशक्तपणा’ म्हणून स्टेरॉइडचं औषध दिलं गेलं. आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एवढं करायला काय लागतं? स्टेरॉइडनं या पेशी तात्पुरत्या दबतात, पोर हसू-खेळू लागतं, आणि बोन मॅरोत खरं चित्र दिसायला उशीर होतो. तिथंही ‘थांबा, एकदा रक्त बघू’ म्हणणारं एक माणूस असतं तर! चांगुलपणाला पैसे लागत नाहीत, समोरच्याकडे नीट बघावं लागतं. तुम्ही दिवसाकाठी इतक्या पोरांच्या शिरा शोधता आणि तरीही बघता.

रुग्णालयाच्या वरिष्ठांनी हे वाचलं तर एक मागणं आहे. सिस्टरांची पाकिटं डे-केअरची रीत करा. कार्डावर मेथोट्रेक्सेटपुढे ‘आठवड्यातून एकदाच’ मराठीत ठळक छापा आणि वार हातानं लिहा. खिडकीवर एकाच ताकदीची गोळी ठेवा. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट न बघता थेट यायचं, तासाभरात अँटिबायोटिक लागलं पाहिजे, हे त्याच कार्डावर सगळ्यात वर येऊ द्या.

तुमच्या ऋणात,
एक कुटुंब