तेराव्या सीनबद्दल

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

पटकथा वाचली. संवाद झकास उतरलेत, त्यावर शाई खर्च करत नाही. अडलं ते तेराव्या सीनला. ती ‘आत्ता नको’ म्हणते, तो हसून जवळ ओढतो, मग लाटा, अंधार आणि सकाळी ती गुणगुणत चहा करतेय. घोळ त्या चहात आहे. नकार तू तिच्या तोंडी दिलास आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रसन्न चेहऱ्याने खोटा पाडलास. आपली गाणी हेच तीन शॉटमध्ये उरकतात: तो मागे लागतो, ती वैतागते, ती हसते. तिसरा शॉट काढून बघ. उरतो तो निव्वळ पाठलाग, आणि तो 2013 पासून कायद्याने गुन्हा आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीत संमतीची व्याख्याही आली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. होकार स्वेच्छेचा आणि निःसंदिग्ध हवा, मग तो शब्दांनी असो, खुणेने असो. बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही. म्हणजे होकार दिसला पाहिजे, आणि दाखवणं हाच तर तुझा धंदा. तिला हवं असेल तर तिला पुढे होऊ दे. कॅमेरा तिच्या पाठीवरून, कमरेवरून फिरवण्याऐवजी ती कुठे बघतेय तिथे ने. नको असेल तर त्याला थांबव आणि तो थांबल्यावरचा अवघडलेपणा दाखव. मला तर तोच सीन जास्त रंगेल असं वाटतं.

पण म्हणून बाईची इच्छाच पुसून टाकू नकोस. ते काम करायला इतर आहेत. 2017 मध्ये ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला सेन्सॉरने आधी प्रमाणपत्रच नाकारलं; कारणांत चित्रपट बायकांचा आहे, त्यांच्या कल्पनाविश्वाचा आहे, हेही होतं! अपिलात तो ‘ए’ घेऊन सुटला. ते अपील न्यायाधिकरण 2021 मध्ये बरखास्त झालं. आता थेट हायकोर्ट.

आणखी एक. तुझी नायिका गोव्याची ख्रिश्चन आहे म्हणून ‘मोकळी’, हे कृपा करून काढ. फ्रॉक आणि फेणी दाखवली की होकार मिळाला, असं हिंदी पडद्याने वर्षानुवर्षं चालवलंय.

आता शूटिंग. ‘ऐन वेळी उत्स्फूर्त करू’ असं तू समासात लिहिलंयस, ते आधी खोड. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मधल्या बलात्काराच्या सीनमध्ये लोणी वापरायचंय, हा तपशील नायिका मारिया श्नायडरपासून मुद्दाम लपवला होता, हे दिग्दर्शक बर्तोलुच्चीने पुढे स्वतःच कबूल केलं. ती 19 वर्षांची होती. पडद्यावर दिसणारा तिचा धक्का अभिनय नव्हता.

त्यापेक्षा नाचासारखं बसव. कुठला हात कुठे, किती वेळ, कोण आधी वळतं, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे; सही झाली तरी नंतर ‘नको’ म्हणायची मुभा ठेव. तालीम पूर्ण कपड्यांत. ‘गेहराइयाँ’साठी (2022) इंटिमसी डायरेक्टर होत्या, तुला परवडत असेल तर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे जवळिकीचे सीन कलाकारांच्या संमतीने बसवून देणारी, घेच, आणि तिला फक्त शूटच्या दिवशी नाही, तालमीपासून बोलाव. सेटवर कलाकार आणि कोऑर्डिनेटर सोडून तू, कॅमेरामन, फोकस सांभाळणारा, बूम माइकवाला, कंटिन्युइटी बघणारं आणि कपडेपटातलं एक जण, बस्स. बाकीचे मॉनिटर बंद, मोबाइल बाहेर. दोघांच्या मध्ये पातळ पॅड, अंगाला त्वचेच्या रंगाचे कपडे चिकटपट्टीने. इथल्या दमट हवेत घामाने ती पट्टी सुटते आणि टेक वाया जातो, वर कलाकार उघडे पडतात ते वेगळंच. आदल्या दिवशी त्वचेवर लावून बघ, पुरळ उठतं का तेही कळेल, आणि जादा पट्ट्या ठेव. ‘कट’ झाल्याबरोबर अंगावर घालायला गाऊन घेऊन माणूस उभा हवा.

किनाऱ्याचा हट्ट सोड. एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाची परवानगी काढलीस तरी बघे येणारच, आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. हा सीन घरात घे, लाटांचा नुसता आवाज पुरे.

एडिटिंगमध्ये तिचा चेहरा आधी, त्याची हालचाल नंतर, असा क्रम लावून बघ. पहिला कट दोघांना दाखव. न वापरलेलं फुटेज कुणाच्या पेनड्राइव्हवर राहणार नाही, हे करारातच घाल.

नवा मसुदा झाला की धाड. काकूंना नमस्कार.

तुझी,
मेधा