मोबाइलवरचा ईसीजी : आधी आलेख नीट येऊ द्या

महोदय,

मोबाइलने ठोके ‘अनियमित’ दाखवले की त्या ओळीचा स्क्रीनशॉट आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि मग डॉक्टरांना जातो. डॉक्टरांना त्या ओळीचा उपयोग नाही. त्यांना ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विद्युत लहरींचा आलेख हवा, तोही स्वच्छ.

कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगणारी अ‍ॅप ईसीजी काढतच नाहीत. फ्लॅशच्या उजेडात बोटातले रक्त कमी-जास्त होताना रंग किती बदलतो, तेवढेच ती मोजतात. बोट जोरात दाबले किंवा एसीत गारठले, की ही लाट सपाट होते. धावत्या लोकलमध्ये तर मोजूच नये. डब्याचे हेलकावे आणि नाडी वेगळी काढणे अ‍ॅपला जमत नाही.

मोबाइलसोबतच्या धातूच्या पट्टीवर दोन्ही हातांची बोटे ठेवून मिळतो तो खरा ईसीजी, पण एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा. त्यातली आर लाट (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे उंच टोक) साधारण 1 मिलिव्होल्टची असते, तिच्या आधीची पी लाट (वरच्या कप्प्यांची) त्याहून कितीतरी लहान. एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे नुसते थरथरून ठोके अनियमित होणे) ओळखताना ठोक्यांमधली अंतरे आणि पी लाट पाहतात, आणि आलेख खराब असला तर सर्वांत आधी पी लाटच बुडते. मग चांगल्या हृदयावरही या आजाराचा शिक्का बसतो.

रेघ जाड, केसाळ दिसत असेल तर बहुधा चार्जर लावलेला आहे. तो काढा, आणि अ‍ॅपमध्ये सोय असल्यास विजेचा अडथळा गाळणारा फिल्टर 50 हर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या वारंवारतेवर, आहे ना पाहा. 60 अमेरिकेतल्या विजेसाठी. रेघ बारीक थरथरत असेल तर हात अधांतरी आहेत, कोपरापासून टेबलावर टेकवा. मध्येच तुटत असेल तर बोटे कोरडी आहेत. पाण्याने किंचित ओलसर करा, क्रीम नको. पट्टीवरचा घामही पुसून घ्या. आलेख उलटा आला तर डावे-उजवे बदलले असण्याची शक्यता जास्त. पाच मिनिटे बसून मगच सुरू करा आणि 30 सेकंद बोलू नका. डॉक्टरांना पूर्ण पीडीएफ पाठवा, सोबत वेळ आणि तेव्हा होणारा त्रासही लिहा.

छातीत दुखत असेल तर यातले काहीच करत बसू नका, 108 ला फोन लावा. एका लीडवर ‘नॉर्मल’ आले म्हणून हार्ट अ‍ॅटॅक नाही असे ठरत नाही.

अ‍ॅपवाल्यांकडे एकच मागणी. सिग्नल खराब असताना ‘अनिर्णित’ एवढेच इंग्रजीत दाखवण्यापेक्षा ‘चार्जर काढा, हात टेकवा’ असे मराठीत सांगायला काय हरकत आहे?

– दोन ईसीजी तंत्रज्ञ, परळ, मुंबई