नवीनच कशाला हवं?

संपादक महोदय,

ठाण्यात राम मारुती रोडवर हल्ली जिकडे तिकडे बॅगी जीन्स नि ओव्हरसाइज शर्ट, पण ट्रेंड चार महिन्यांत जातो मग त्यासाठी हजार-दोन हजार कशाला घालवायचे, पोरांनी आधी थ्रिफ्टमधून, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून, घेऊन बघावं ना, आपल्याला शोभतंय का ते तरी कळेल. फक्त घेताना काखेतली शिवण, कॉलरची आतली बाजू नि चेन नीट बघा, घरी आणून गरम पाण्यात धुवा, फिटिंगला टेलर आहेच. एक कॉटन टीशर्ट बनवायला साधारण २,७०० लिटर पाणी लागतं हो! बोहारणीला जुने कपडे देऊन आपण वर्षानुवर्षं भांडी घेतली, मग वापरलेलं घालायचीच लाज का? घोडबंदरच्या सोसायट्यांनी दिवाळीआधी क्लब हाऊसमध्ये कपड्यांची अदलाबदल ठेवावीच.

- एक वाचक, ठाणे