पंधराव्या दिवसानंतर दारात कोण येणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेतो. त्यांतले बरेच जण खुब्याचं हाड मोडलेले. पावसाळ्यात तर विचारूच नका. कणकुंबी-जांबोटीकडे अंगणाला शेवाळ धरतं, संडास परसात असतो आणि रात्री उठलेली आजी तिथंच घसरते.

ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. आयुष्मान भारतच्या कार्डावर ते बऱ्याच जणांचं होतं. पण त्या योजनेच्या नियमांत घरी सोडल्यानंतरच्या फक्त 15 दिवसांचा खर्च धरलेला आहे. टाके साधारण त्याच सुमाराला निघतात. माणूस पुन्हा आपल्या पायावर चालण्याचं काम पुढं कित्येक महिने चालतं आणि त्या महिन्यांना सरकारी हिशेबात जागाच नाही.

मग घरी काय होतं? पोरं पुण्याला नाहीतर गोव्यात. सून सांगते, "हलू नका, रॉड सरकेल." डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी उभं केलेलं असतं, पण घरी आल्यावर भीतीनं खाट धरली जाते. पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं त्या खाटेवरच सुरू होतं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात. बेळगावला व्यायामासाठी आणायचं म्हटलं तर भाड्याची गाडी माझ्या फीपेक्षा महाग पडते. परिवहनच्या बसची पायरी तर त्या पायाला चढवतच नाही.

2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देऊ केली, तेव्हा बेंगळुरूतून हरकत आली. तेव्हाचं सरकार आपलं नव्हतं, हे मान्य. पण दोन्हीकडचा वाद दवाखान्यातल्या बिलापुरता होता. घरी परतलेल्या म्हातारीच्या खाटेपर्यंत तो कुणीच नेला नाही.

तरतूद नाही असंही नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी, पुनर्वसन कर्मचारी, आधाराची साधनं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. माझ्या एकाही पेशंटच्या दारात तो कर्मचारी आलेला मी पाहिलेला नाही.

यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. खुर्चीतून उठणं-बसणं, पायरीवर पाऊल ठेवणं, ओट्याला धरून चालणं, एवढंच. बॉस्टन परिसरातल्या खुबा मोडलेल्या 232 रुग्णांवरचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम त्यांतल्या साधारण निम्म्यांनी घरीच सहा महिने केले. सुधारणा डोळे दिपवणारी नव्हती, पण झाली. माझा अनुभवही असाच आहे. परसातल्या संडासापर्यंत स्वतःच्या पायानं जाता आलं, तरी घरातली निम्मी कटकट मिटते.

माझं मागणं असं. 15 दिवसांची मुदत खुब्याच्या रुग्णांसाठी राज्यानं स्वतःच्या खर्चानं वाढवावी आणि तालुका रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टच्या घरभेटी त्यात धराव्यात, गाडीभाड्यासकट. वॉकर आणि कमोडची खुर्ची घरी सोडतानाच हातात द्यावी. ऑपरेशननुसार पथ्यं बदलतात. सांधा बदललेल्यानं सुरुवातीला उकिडवं बसू नये, पाटावर जेवायला बसू नये, हे घरच्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. व्यायामाचा कागद मी पाहिला तेव्हा फक्त कन्नडमध्ये होता. आमच्या गावांत तो चित्रांसह मराठीतही द्या. भाषेचं राजकारण बाजूला ठेवून मागतो आहे.

गृह आरोग्य योजनेत आपली माणसं बीपी-शुगर तपासायला घरोघरी जातातच. त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा : "वर्षभरात पडलात का?" जे हो म्हणतील त्यांची हाडांची तपासणी करून गरज असेल त्यांना औषध सुरू करा, कारण एक खुबा मोडलेल्याचा दुसराही मोडण्याचा धोका जास्त असतो.

सुरुवात खानापूर तालुक्यापासून करा आणि शक्यतो मृगाच्या आधी.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, बेळगाव