ऑनलाइन एमएसडब्ल्यूचा प्रमुख वस्ती बघितलेला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबसल्या एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) करा अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येतात. मी गोवंडीत एका संस्थेत काम करते, आमच्याकडे दरवर्षी फील्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकायला, मुलंमुली येतात, त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहावेसे वाटले. आधीच सांगते, मी ऑनलाइनच्या विरोधात अजिबात नाही. बदलापूरहून लोकल पकडून नोकरीला येणारी, घरी सासूचं दुखणं आणि मुलाची दहावी असलेली बाई रेग्युलर कॉलेजला कधी जाणार? पालघर-गडचिरोलीत आधीच काम करत असलेल्या कार्यकर्त्यांना तर मुंबईत खोली घेऊन राहणं परवडतच नाही. अशा लोकांना डिग्री मिळाली तर चांगलंच आहे, आणि खरं सांगायचं तर यातले बरेच जण रेग्युलरवाल्यांपेक्षा जास्त समजून असतात.

प्रश्न आहे तो हे सगळं चालवणारा कोर्सचा प्रमुख कोण याचा. युनिव्हर्सिटीला वाटतं की व्हिडिओ लेक्चर, पोर्टल, ऑनलाइन परीक्षा एवढं सांभाळणारा माणूस नेमला की झालं. मागच्या वर्षी एका ऑनलाइन कोर्सची मुलगी आमच्याकडे आली ती थेट मार्चमध्ये, हातात फील्डवर्कच्या तासांचा फॉर्म, म्हणे मॅडम एवढ्यावर सही-शिक्का द्या, बाकी सगळं सबमिट झालंय. तिच्यावर काय रागावणार, वर्षभर तिला युनिव्हर्सिटीतून कुणी फोन करून विचारलंच नव्हतं की तू जातेस कुठे आणि करतेस काय. सही मी दिली नाही. जूनमध्ये परत ये म्हटलं, आणि ती आली.

पहिल्याच होम व्हिजिटला पाणी यायच्या वेळेला पोचली. गल्लीत सगळ्या बाया पाइप लावून ड्रम भरतायत आणि ही दारात पेन काढून विचारतेय, घरात किती माणसं, उत्पन्न किती. त्या बाईने ढुंकूनही बघितलं नाही. नंतर हिने रेकॉर्डिंगमध्ये (भेटीच्या लेखी अहवालात) लिहिलं, "क्लायंटने सहकार्य केले नाही." मग आम्ही आयसीला (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे सुपरवायझरने एकेका विद्यार्थ्याशी त्याच्या कामावर बोलायची बैठक) बसलो, तीसुद्धा रात्री व्हिडिओ कॉलवरच कारण हिची नोकरी, आणि मी विचारत गेले की ती काय करत होती, पाणी किती वेळ असतं, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस. पुढच्या खेपेला ती दुपारी गेली, त्याच बाईने चहा दिला आणि रेशन कार्डावरून नाव कमी झाल्याचं आपणहून सांगितलं. म्हणजे बघा, आयसी ऑनलाइन होऊ शकते, अगदी छान होते, पण ती कशावर घ्यायची ते आधी वस्तीत घडावं लागतं.

मुंबईत तर समाजकार्याचं शिक्षण सुरूच वस्तीतून झालं. 1926 मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र काढलं आणि 1936 मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झालं, आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ती हीच. पुढे 1996 मध्ये मुलांसाठीची 1098 हेल्पलाइनही टिसच्या फील्ड प्रोजेक्टमधूनच उभी राहिली. असलं काम पोर्टलवरून होत नसतं. अमेरिकेतसुद्धा मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूला, ऑनलाइन असो की कॅम्पसवर, किमान 900 तास फील्डवर्क लागतंच. आपल्याकडे वकिलांना जशी बार कौन्सिल आहे तशी सगळ्या सोशल वर्कर्ससाठी कायद्याने नेमलेली कौन्सिल नाही, त्यामुळे कोर्स कसा चालतो हे बरंचसं प्रमुखाच्या मनावर, आणि म्हणूनच मी एवढं त्या खुर्चीबद्दल बोलतेय.

त्या खुर्चीत बसणाऱ्याने स्वतः काही वर्षं फील्डवर्क घेतलेलं असावं. ॲडमिशन देतानाच विद्यार्थी कुठल्या तालुक्यातला आहे, तिथे कुठली संस्था, दवाखाना, पंचायत त्याला घेईल हे ठरवून लेखी करार करावा, जागा नसेल तर सरळ ॲडमिशन देऊ नये, फी बुडाली तरी चालेल (हे वाक्य ऐकून वरचे लोक हसतील, माहितीय). शिकवणाऱ्यांनी सत्रात एकदा तरी फील्डवर प्रत्यक्ष जावं. नोकरीवाल्यांना स्वतःच्याच ऑफिसात फील्डवर्क दाखवायची सूट देतात ती बंद करावी, कारण तिथे साहेबच सुपरवायझर असतो आणि साहेबाला कोण प्रश्न विचारणार.

आणि पैशाचं. आमच्यासारखे संस्थेतले लोक ही सुपरव्हिजन आपलं काम सांभाळून फुकटात करतात, रेकॉर्डिंग्ज वाचायला रविवार जातो. रेग्युलर कॉलेजशी निदान जुने संबंध तरी असतात, ऑनलाइनवाल्यांचा तर चेहराही दिसत नाही. बिल्डिंग नको, हॉस्टेल नको, मग फी घेता त्यातलं थोडं इकडे यायला काय हरकत आहे? येत्या जूनला जे कोणी प्रमुख आमच्याकडे मुलं पाठवणार असतील त्यांनी त्याआधी एकदा स्वतः येऊन भेटावं, आणि सुपरवायझरचं मानधन बजेटमध्ये लिहूनच यावं.

— एक फील्डवर्क सुपरवायझर, गोवंडी, मुंबई